वाढणं

आमच्या शाळेत जूनमध्ये मुलांची वजनं-उंच्या घ्यायच्या असतात. उंचीची पट्टी भिंतीवरच रंगवलेली आहे. वजनकाटा कपाटातून काढायचा, सेल बदलायचे, फरशीवर सपाट जागा शोधायची. मुलं चपला काढून रांगेत. काट्यावर चढताना निम्मी मुलं श्वास रोखून धरतात, का कोण जाणे. मी आकडा सांगते, दुसऱ्या मॅडम लिहून घेतात. दोन वर्षांपूर्वी चौथीतली सगळ्यात किरकोळ पोरगी चढली, 19.2 आले. रांग संपली तसं मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, आता तुम्ही." बाकीच्यांनी लगेच री ओढली. नाही म्हणायला कारण सुचेना. चढले. 79.4.

जरा वेळ कुणी बोललं नाही. मग तीच 19.2 वाली पोरगी बोटं मोजत, ओठांत पुटपुटत म्हणाली, "मॅडम, तुमच्यात माझ्यासारख्या चार बसतेत. अन् वर बाकी उरती."

भागाकार मीच शिकवला होता. बाकी काढायलाही.

घरी येताना एसटीत ते डोक्यातून जाईना. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 18.7 टक्के कृश निघाल्या आणि 24 टक्के प्रमाणाबाहेर जाड. पेपरात वाचताना हे दोन वेगळ्या देशांचे आकडे वाटतात. इथं, लातूरपासून वीसेक किलोमीटरवरच्या दोनशिक्षकी शाळेत, दोन्ही टोकं एकाच काट्यावर पाच मिनिटांच्या अंतरानं उभी राहून गेली होती.

'वाढणं' हा आपल्या भाषेतला मोठा लबाड शब्द आहे. पान वाढतात, लेकरं वाढतात, भाव वाढतो, वजन वाढतं. आणि घरातलं धान्य संपलं तर तेही वाढतंच. आमच्या अत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, 'ज्वारी संपली' असं कधी म्हणत नाहीत. 'ज्वारी वाढली' म्हणतात. माझा मुलगा लहान असताना एकदा म्हणाला होता, "वाढली तर मग आणायची कशाला?" त्याला समजावून सांगायला अत्याबाईंना अख्खी दुपार लागली, कारण त्यासाठी त्यांना बहात्तरच्या दुष्काळापासून सुरुवात करावी लागली.

तेव्हा त्या सतरा वर्षांच्या, नव्यानं नांदायला आलेल्या. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. मजुरीबरोबर सुकडी मिळायची, रेशनवर अमेरिकेतून आलेली लालसर मिलो ज्वारी. त्या मिलोच्या भाकरीबद्दल बोलताना अत्याबाई अजून तोंड वाकडं करतात. भाकरी थापताना चिरायची, खाताना घशात अडायची. पण सांगतात ते त्या चवीबद्दल कमी आणि वाढण्याबद्दल जास्त. त्यांच्या सासूबाई भाकरीचे चतकोर करून टोपलीत झाकून ठेवायच्या आणि कुणाला किती मिळणार ते त्यांच्या हातावर असायचं. "हात आखडला की माणूस बारीक होतंय माय," असं अत्याबाई म्हणतात. स्वतःच्या हातात टोपली आल्यावर त्यांनी तो हात पुन्हा कधी आखडू दिला नाही. तुम्ही 'पुरे' म्हणालात की त्या अर्धी वाढतात. 'नको' म्हणालात तर अख्खी. पानावर आडवा हात धरलात तर बोटांच्या फटीतून तूप सोडतात.

अशा घरात मी चोवीस वर्षं नांदतेय. आले तेव्हा 52 किलो होते आणि शेजारच्या बायका अत्याबाईंना विचारायच्या, "सूनबाईला खायला घालता का नाही?" पहिल्या बाळंतपणानंतर त्याच बायका म्हणाल्या, आता कशी अंगानं भरली. माझ्या वजनाबद्दल मला मिळालेलं ते पहिलं आणि शेवटचं कौतुक.

काट्यावर चढल्यानंतर महिनाभरानं रक्त तपासलं. तीन महिन्यांची साखर 6.2. 6.5 पासून मधुमेह म्हणतात, म्हणजे मी उंबऱ्यावर. डॉक्टरांनी उंची विचारली, 154 सेंटिमीटर. मोबाइलवर काहीतरी टिपून म्हणाले, बीएमआय 33. म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. मग टेप काढून कंबर मोजायला लावली, 98. आपल्याकडच्या बायकांनी 80 च्या आत राहावं म्हणतात. बीएमआयची रेघही भारतीयांसाठी खाली ओढलेली आहे. जगात 25 ला जास्त वजन आणि 30 ला स्थूल मोजतात, आपल्याकडे 23 आणि 25.

ही रेघ खाली का, याचं उत्तर पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे युडकिन नावाचे ब्रिटिश सहकारी, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. दोघंही काट्याच्या हिशेबानं चांगले सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. दोघांचा शेजारी शेजारी उभा फोटो 2004 साली लॅन्सेटमध्ये छापून आला. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये याज्ञिकांनी आयांच्या पोटापासून मुलांचा माग काढला, तर जन्मतःच आपली बाळं वजनानं कमी, स्नायूंनी हलकी आणि तरी चरबी राखून असलेली निघाली. बारीक दिसणारी पण आतून साठवणारी. मला हे वाचताना अत्याबाईंची झाकलेली टोपली आठवली. काटकसर रक्तातच उतरली असेल तर पुढं सुकाळ आला तरी शरीर चतकोर झाकून ठेवणारच.

आणखी एक योगायोग. बीएमआयचं गणित एकोणिसाव्या शतकातल्या एका बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाचं, पण त्याला हे नाव मिळालं 1972 मध्ये, अ‍ॅन्सेल कीज आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधात. म्हणजे अत्याबाई खडी फोडत होत्या त्याच वर्षी. आणि याच कीजनी 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात 36 धडधाकट तरुणांना सहा महिने मुद्दाम अर्धपोटी ठेवून पाहिलं होतं. युद्धानं उपाशी पडलेल्या माणसांना पुन्हा कसं जेवू घालावं हे कळावं म्हणून. त्या पोरांचं वजन उतरलं, ती कुढायला लागली, थंडीनं कुडकुडायला लागली, आणि काही जण पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसायला लागले. दिवसभर डोक्यात फक्त जेवण. त्यांना दिवसाला मिळत होतं सुमारे 1,570 कॅलरींचं. मला कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या डाएट चार्टवर 1,200 लिहिलं होतं. ते तरुण पुरुष, आठवड्याला पस्तीस किलोमीटर चालणारे, त्यांच्या अंगावर उतरवायला माझ्याएवढं काही नव्हतं, हे खरं. पण रात्री अकराला मीही युट्यूबवर दुसऱ्यांना धपाटे लाटताना बघत बसले होते, हेही खरं.

डाएटच्या बाबतीत लातूरकर म्हणून माझा थोडा जास्त अनुभव समजा. मार्कांचा पॅटर्न जसा आमच्या गावाचा, तसा वजनाचाही झालाच. डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायचे. कै. डॉ. श्रीकांत जिचकारांची मांडणी घेऊन त्यांनी गावोगाव व्याख्यानं दिली. कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवायचं, एकेक जेवण 55 मिनिटांत आटपायचं, मध्ये पाणी किंवा पातळ ताक, आणि पाऊण तासात साडेचार किलोमीटर चालायचं. फुकट, वेगळा स्वयंपाक नाही, काही विकत घ्यायचं नाही. त्याच सुमारास ऋजुता दिवेकरांचं बरोबर उलटं, थोड्या थोड्या वेळानं खा, घरचं खा, तूप सोडू नका. महाराष्ट्रात एका काळी लग्नाच्या पंगतीत दोन पक्ष पडायचे. आमच्या स्टाफरूममध्येही. तेव्हा मी दोनदावाली होते. तीन महिन्यांत चार किलो उतरलेही. मग श्रावण लागला.

श्रावणात सोमवार, शनिवार, मधली एकादशी. उपासाच्या दिवशी दोनच जेवणं आणि दोन्ही साबुदाण्याची. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे कॅलरी आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. त्यात दाण्याचं कूट, जे शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर जातं. पन्नास मिनिटांत मी दोन वाडगे खिचडी संपवायचे आणि घड्याळाकडे विजयानं बघायचे. चार किलो गणपतीपर्यंत परत. दोष दीक्षितांचा नव्हता. त्यांनी किती वेळा ते सांगितलं होतं, त्या वेळेला माझ्या पानात कुणाचा हात काय टाकतो, ते त्यांना कसं कळावं?

माझ्या एका मैत्रिणीनं पावडरीचा डबा आणला. दोन जेवणांऐवजी दोन ग्लास. अडीच महिन्यांत नऊ किलो गेले, दिवाळी-संक्रांतीत अकरा आले. आम्ही तिला हसलो, पण तो प्रकार मुळात खोटा नाही. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या उत्तरेकडे मधुमेहींना डॉक्टरांच्या देखरेखीत तीन ते पाच महिने रोज सव्वाआठशे कॅलरींवर, फक्त सूप-शेकवर ठेवलं, तेव्हा वर्षाअखेर 46 टक्के लोक औषधांशिवाय मधुमेहाच्या बाहेर आले होते. फरक असा, की तिथं नंतर एकेक पदार्थ पानात परत आणायला महिनोन्‌महिने कुणीतरी सोबत होतं. इथं डबा संपला तेव्हा समोर अनारसे होते.

आणि ज्वारी. हल्ली शहरातले लोक ज्वारीबद्दल औषध असल्यासारखं बोलतात, तेव्हा आम्हा लोकांना जरा मजा वाटते. मधल्या काळात आम्हीच ती सोडली होती. पाहुणे आले की पोळी, भाकरी म्हणजे गरिबी. आता तीच भाकरी हॉटेलात चाळीस रुपयाला. ज्वारी चांगली आहे, पोटात जास्त वेळ राहते, यात वाद नाही. पण शंभर ग्रॅम पिठात कॅलरी गव्हाएवढ्याच, सव्वातीनशेच्या आसपास. आमच्याकडची हातावर थापलेली एक भाकरी म्हणजे दोनशे धरा. तीन खाल्ल्या की ती ज्वारीची आहे हे पोटाला कुणी कळवत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अभ्यासात भारतीयांच्या खाण्यातल्या 62 टक्के कॅलरी पिष्टान्नातून येतात असं निघालं. गहू की ज्वारी की भात हे भांडण त्या 62 च्या आतलं आहे. कमी पडतं ते बाहेर, डाळीत. तुरीच्या डाळीची एवढी मोठी बाजारपेठ ज्या गावात, तिथल्या घरात वरण असं, की वाटीचा तळ दिसावा.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्डमध्ये 609 माणसांना वर्षभर दोन गटांत ठेवलं, एकात स्निग्ध कमी, दुसऱ्यात पिष्ट कमी. 2018 ला निकाल आला. पहिल्यांचं सरासरी 5.3 किलो उतरलं, दुसऱ्यांचं 6. म्हणजे जवळजवळ सारखंच. पण त्याच एका गटात कुणाचं पंचवीस किलो उतरलं होतं आणि कुणाचं उलट वाढलं होतं. मला ती सरासरी नाही, हे दोन टोकांचे लोक बघायचे होते. त्यांच्या घरी कोण वाढत होतं?

म्हणून मग मास्तरणीला सुचावं तेच सुचलं. वही घातली. डाएटची नाही, फक्त नोंदीची. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं, वजनाच्या सात टक्के उतरवा, म्हणजे साडेपाच किलो, बाकीचं मग बघू. सात टक्क्यांमागंही मोठा अभ्यास आहे, 2002 मधला अमेरिकेतला. उंबऱ्यावरच्या तीन हजारांवर लोकांपैकी एका गटाला तेवढंच ध्येय आणि आठवड्याला अडीच तास चालणं दिलं, तर त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. पन्नास किलोची नवी नवरी व्हायची गरज नव्हती, हे ऐकूनच अर्धं ओझं उतरलं.

वहीत मी दोन रकाने आखले: 'बसून' आणि 'उभ्यानं'. पहिल्याच आठवड्यात कळलं की बसून मी फारसं खातच नाही. दीड भाकरी, भाजी, वरण. आदर्श बाई. सगळा घोटाळा उभ्यानं. मुलाच्या ताटातली अर्धी पोळी, कारण तो क्लासला पळाला. ह्यांच्या डब्यातून परत आलेली भाजी. कढईच्या कडेचा खरपूस भात. रात्री पातेली रिकामी करताना उरलेला घासभर सांजा, एवढ्याशासाठी कुठं वेगळं भांडं घ्यायचं. अन्न टाकायचं नाही, हे या घरात कुणी कुणाला शिकवत नाही. ज्या गावाला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तिथं पाणीही टाकत नाहीत, अन्न कोण टाकेल? फक्त टाकायचं नाही म्हणजे कुठंतरी ठेवायचं असतं, आणि आमच्या घरात ती ठेवायची जागा मी होते.

शाळेतही तेच. पोषण आहार मुलांना वाढायच्या आधी शिक्षकानं चव घेऊन चव-रजिस्टरवर सही करायची असते. प्राथमिकच्या मुलाला 100 ग्रॅम तांदूळ, 450 कॅलरी, 12 ग्रॅम प्रथिनं असं ते मोजमाप. चव म्हणजे दोन चमचे. माझी चव वाटीभर होती, आणि खिचडी उरली तर ताई प्रेमानं आणखी एक वाटी झाकून आणायच्या. एक आख्खं मूल मी रोज सहीनिशी जेवत होते.

त्यानंतर जे केलं त्याला डाएट म्हणायला संकोच वाटतो. स्वयंपाकाचं मोठं पातेलं माळ्यावर टाकलं. आठ जणांचं होतं ते, आणि आम्ही पाच. वरण घट्ट केलं, संध्याकाळी मटकी नाहीतर चणे नाहीतर अंडं, पहिला घास त्याचा. तेलाचा हिशेब काढला: पाच माणसांना महिन्याला सहा लिटर, म्हणजे माणशी रोज तीनशेच्या वर कॅलरी, दीड भाकरी नुसती फोडणीतून. ते चारवर आणलं. पहिला महिना ह्यांनी भाजीला 'आजारी माणसाची' म्हटलं, मग विसरले. उपास सोडले नाहीत, साबुदाणा सोडला. भगर आणि ताक. पोरांना सांगितलं, ज्याचं उष्टं त्याचं, ताट स्वतः पुसून उठायचं नाहीतर कमी घ्यायचं. मुलीनं आठवड्यात शिकून घेतलं. मुलाच्या ताटात अजून अर्धी पोळी असते. ती मी आता फ्रीजमध्ये ठेवते आणि तो ती बघूनही न बघितल्यासारखं करतो.

अवघड होत्या अत्याबाई. मी त्यांना साखरेचा रिपोर्ट दाखवला, त्यांनी तो उलटा धरून बघितला. "आमच्या येळंला अन्न नव्हतं म्हणून लोकं मेली, तुमी अन्नानं मरलालाव," म्हणाल्या आणि भाकरी वाढली. दोन महिने मी भांडले. मग भांडण सोडून वाढायचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं, आणि हे मी चांगलं केलं का, याची मला अजून खात्री नाही. टोपली जवळ नसलेल्या अत्याबाई जेवणाच्या वेळी काय करावं ते न कळून हात मांडीवर ठेवून बसायच्या.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, मुलं गेल्यावर, शाळेच्या काट्यावर चढायचे. अकरा महिन्यांत 72.1 झाले. साखर 5.8. पुढं काटा हलेना. हलका झालेला देह कमीच खर्च करतो आणि भूक मात्र जुनीच मागतो, हे वाचलेलं होतं. तरी राग आला. उन्हाळ्यातल्या लग्नसराईत दोन किलो परत आले, त्यातला थोडा गेला. सध्या 73.8. त्या पोरीचं वजन असं लग्नसराईनं हलत नसतं. ती पाचवीला शेजारच्या गावी गेली, जाताना 21.6 होती. म्हणजे आता माझ्यात तीनच बसतात. बाकी अजून उरतेच.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात यायला उशीर झाला. अत्याबाईंची साडी कमरेला दोनदा गुंडाळावी लागायला लागली होती. त्यांना काट्यावर उभं केलं तर 38. डॉक्टर म्हणाले, या वयात उतरणारं वजन म्हणजे स्नायू गळतात. यांना डाळ, दूध, अंडं, जे खातील ते जास्त द्या. अंडं त्या शिवत नाहीत. म्हणून एकाच स्वयंपाकघरात आता दोन हात आहेत. एक माझ्या पानावर आखडता, एक त्यांच्या पानावर सैल. मी त्यांना म्हणते, अजून अर्धी घ्या. त्या म्हणतात, नगं. मग मी अख्खी वाढते.

मागच्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात गेलो. त्या दिवशी लातूर निम्मं ओस असतं, सगळे आपापल्या रानात. कडब्याची कोप, त्यात पांडव मांडलेले, आंबिलाचा माठ, भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. अत्याबाईंना ज्वारीच्या ताटांना टेकून सावलीत बसवलं. मी वाढत होते. भज्जी घातली, दोन उंडे ठेवले, आंबिलाचा पेला भरला. त्यांनी एक खाल्ला, दुसरा अर्धा केला आणि पत्रावळीवर आडवा हात धरला. "नगं माय आता. वाढू नगंस." मी सवयीनं बोटांच्या फटीतून भज्जी सोडायला गेले, तर त्यांनी हात घट्ट दाबला आणि हसल्या.

सगळ्यांची जेवणं उरकली. पत्रावळ्या गोळा करताना त्यांच्या पत्रावळीवर तो अर्धा उंडा तसाच. गाय बांधावर होती, दहा पावलांवर. मी इकडंतिकडं बघितलं आणि खाल्ला.

रात्री वहीत लिहिलं: अर्धा उंडा, उभ्यानं.